कुलूपचा सिनेमा

फोन आला तेव्हा दादा छापखान्यात खोकल्याच्या औषधाचं लेबल तपासत होता. ‘जेवणानंतर दोन चमचे’ऐवजी कुणीतरी ‘जेवणानंतर दोन चमचेगिरी’ जुळवून ठेवलं होतं आणि हे आपोआप झालं की कुणी मुद्दाम केलं, याचा तो विचार करत होता.

“दादा, बसलायस का?” धाकट्या बहिणीचा आवाज.

“उभा आहे.”

“मग बस.”

“बसलो.”

“आता ऊठ! निवडली रे! आपली पटकथा निवडली!”

दादा उठला तो असा उठला की मांडीवरचे सगळे कागद जमिनीवर गेले. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. एरवी आवाज न करणारा हा माणूस लाल पेन हवेत फिरवत होता आणि “परमेश्वरा, परमेश्वरा” एवढंच म्हणत होता.

या पटकथेमागे लागून चार वर्षं झाली होती. धाकटी चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमा करायची. दादा लिहायचा. तिसरा त्यांचा मित्र, पासपोर्टचे फोटो काढणारा. ‘हलू नका’ सांगून सांगून त्याचं नावच फोकस पडलं होतं. तिघांनी मिळून आजवर दोन छोटे चित्रपट केले होते. एकाला टाळ्या मिळाल्या, दुसऱ्याला पाऊस. पण हा तिसरा मोठा होता, कारण तो कुलूपवर होता.

कुलूप म्हणजे कोण, हे त्या गावात विचारायची सोय नाही. किल्ल्या बनवणाऱ्याचा मुलगा, फुटबॉलचा गोलकीपर. तो उभा राहिला की गोलाला कुलूप लागलं असं लोक म्हणायचे. जिल्ह्याचा चषक गावात एकदाच आला, तो त्याच्या हातून. पुढल्याच वर्षी लढाई सुरू झाली, तो सैन्यात गेला आणि परत आला नाही. वय पंचवीस. मैदानाच्या फाटकाशी दगड आहे, त्यावर त्याचं नाव आणि खाली एक ओळ: ‘शेवटच्या श्वासापर्यंत जागा सोडली नाही.’ गावातलं प्रत्येक मूल वाचायला शिकतं ते या दगडावर. सिनेमाचं नावही त्यांनी तेच ठेवलं होतं. जागा सोडली नाही.

“आणि ऐक,” धाकटी फोनवर धापा टाकत होती, “दोनशे चाळीस पटकथांतून आठ घेतल्यात. सहा आठवडे तिकडे पटकथा-शिबिरात ठेवून घेणार, जाणती माणसं आपल्याबरोबर बसून ती घडवणार. फक्त एक कागद हवाय. खऱ्या माणसावरचा सिनेमा आहे ना, त्याच्या घरच्यांची संमती. सोमवारी बाराच्या आत. नाही पोचला तर नववा नंबर वाट बघत बसलाय.”

“घरचे म्हणजे ताईच.”

“ताईच.”

“मग काय, झालंच की!” दादा म्हणाला. तो गुरुवार होता.

*

कुलूपची बहीण वडिलांचंच दुकान चालवायची. सगळं गाव तिला ताई म्हणायचं, तिच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा. दुकान इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाला उलटं चालत बाहेर जावं लागे. भिंतभर खिळ्यांवर न कापलेल्या कोऱ्या किल्ल्या, दारातून वारा आला की सगळ्या किणकिणायच्या. मध्ये यंत्र. एका पकडीत जुनी किल्ली, दुसरीत कोरी, आणि फिरतं चाक. ताईच्या बोटांना पितळेची पूड कायमची.

“निवडली? अरे वा! वाच मग,” ती म्हणाली. “मी काम करते, तू वाच. माझे कान रिकामेच आहेत.”

दादाचं वाचणं म्हणजे काय सांगावं! एरवी तोंडातल्या तोंडात बोलणारा माणूस, पण कागद हातात आला की त्याचा गळा उघडायचा. वाक्य चढवत न्यायचा, वर नेऊन थांबवायचा, ऐकणाऱ्याने श्वास घेतला की मगच खाली सोडायचा. अधूनमधून त्याला सूरही लागायचा, त्याचा त्यालाच पत्ता नसे. ताईने तीन किल्ल्या कापल्या. चषकाचा सामना आला तेव्हा चौथी बाजूला ठेवली. दाराशी एक बाई स्वतःच्या कपाटाची किल्ली विसरून ऐकत उभी राहिली. फोकसने धाकटीला कोपराने ढोसलं. धाकटीने खिशातला कागद चाचपला, पेन आहे ना तेही बघितलं.

शेवटचा प्रसंग. धूर. मागे खंदकात चार जखमी साथीदार. पुढून मशीनगनचा मारा. आणि कुलूप, दोन्ही हात पसरून, गोलात उभा राहावा तसा उभा. दादाने आवाज खाली आणला, अगदी खाली.

“... आणि त्याने जागा सोडली नाही.”

ताईने यंत्राचं बटण बंद केलं.

“सही नाही करणार मी,” ती म्हणाली.

कोऱ्या किल्ल्या किणकिणल्या. दाराशी उभ्या बाईला आपलं कपाट आठवलं, ती हळूच सटकली.

“ताई,” धाकटी म्हणाली. “काही... काही चुकलं का?”

“हा कोण आहे?”

“कोण?”

“हा, हात पसरून उभा राहिलाय तो. मी नाही ओळखत याला.”

“अहो, तुमचा भाऊ!”

“माझा भाऊ मला माहीत नाही होय गं?” ताई हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. “तू गोलकीपर बघितलायस का कधी? जवळून?”

धाकटीने दादाकडे बघितलं, दादाने फोकसकडे. फोकस म्हणाला, “मी एकदा एकाचा फोटो काढलाय.”

“हलू नका म्हणून?”

“हो.”

“तिथेच तर गोची आहे,” ताई म्हणाली. “मग नेमकं काय चुकलंय ते सांगा ना,” धाकटी काकुळतीला आली, पण ताईने मान हलवली. “ते सांगणं माझं नाही. ज्याचं आहे त्याने ते सांगायला हवं. शनिवारी तीन वाजता मैदानावर या. आणि तू रे, ते ऑफिसचे बूट घालून येऊ नकोस.”

*

दादाकडे दुसरे बूट नव्हते. शनिवारी तीन वाजता तो तेच घालून गोलात उभा होता. ताई त्रेसष्ट वर्षांची. तिने पिशवीतून फुटबॉल काढला, अंगठ्याने दाबून बघितला, चपला काढून कडेला नीट जोडीने ठेवल्या आणि पायात कॅनव्हासचे बूट चढवले.

“लहानपणी त्याला सराव कोण द्यायचं?” तिने विचारलं. “गावातली पोरं संध्याकाळी यायची. त्याआधी दुपारभर मीच. मी एकटी सुटून येणार, समोर तो एकटा. हेच, रोज. आता तू तो आहेस. अडव.”

“ताई, तुम्हाला लागेल.”

“मला लागेल!” ताई फोकसला म्हणाली. “ऐकलंस का याचं?”

ती चेंडू पायाशी घेऊन निघाली. फार वेगात नाही, पण चेंडू पायाला चिकटून. दादा रेषेवर उभा, हात पसरून, त्याच्याच पटकथेतल्यासारखा. ताईने शांतपणे वर बघितलं, डावीकडे जागा दिसली, तिकडे ढकलला. गोल. दुसऱ्यांदा उजवीकडे. तिसऱ्यांदा दादा आधीच डावीकडे कलंडला, तिने मधोमध मारला. चौथ्यांदा दोन्ही पायांच्या मधून.

“अहो आता तर मी हलतही नाहीये, तरी कसा जातो?” दादा कळवळून म्हणाला.

“हलत नाहीस म्हणूनच जातो! मला इथून किती गोल दिसतो माहितीये? तुझ्या दोन्ही बाजूंना खोली खोलीभर जागा आहे. आता पुढे ये. रेषा सोड. सोड म्हणते ना! माझ्यावर ये!”

दादा दबकत पुढे आला. चार पावलं, आठ, दहा. ताई चेंडू घेऊन समोरून येत होती. दोघांत हातभर अंतर उरलं तेव्हा ती थांबली.

“फोकस, इकडे ये. माझ्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धर. काय दिसतंय?”

फोकस वाकला. मग सरळ झाला, पुन्हा वाकला. “ताई, गोल कुठे गेला?”

“गेला ना?” ताई टाळी वाजवून ओरडली. “नुसता हाच दिसतो! सगळा गोल याच्या मागे लपला. माझा भाऊ असा खेळायचा रे. सगळ्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त रेषा सोडणारा कीपर. त्याचे खेळाचे सर ओरडायचे, जागा सोडू नकोस म्हणून. हा सोडायचा. कधी सोडायची हे त्याला कळायचं.”

धाकटीने फोकसच्या हातातून कॅमेरा ओढून घेतला, स्वतः डोळा लावला. समोर ऑफिसच्या बुटांतला, घामेजलेला दादा. त्याच्या मागे दहा पावलांवर पांढरे खांब असणार होते, पण एकही दिसत नव्हता. चार वर्षांत तिला असं चित्र सुचलं नव्हतं.

“म्हणजे तिकडेही,” ती हळू म्हणाली. “लढाईतही. ताई, त्याने जागा सोडली होती?”

ताई फाटकाकडे बघत होती. तिथे दगडाशेजारी एक माणूस उभा होता, गळ्यात मोजायची टेप, दंडाला टाचण्यांची उशी. नाक्यावरचा शिंपी. गाव त्याला मास्तर म्हणायचं. तो कुलूपच्याच तुकडीत होता हे सगळ्यांना माहीत होतं. दरवर्षी दगडावर फूल ठेवायला तोच पहिला यायचा आणि कुणी काही विचारलं तर ‘लिहिलंय की तिथे’ म्हणून निघून जायचा. धाकटीने चार वर्षांत त्याच्याकडे सहा वेळा चकरा मारल्या होत्या. सहाही वेळा तिचं माप घेऊन त्याने परत पाठवलं होतं.

“मी बोलावलं त्याला,” ताई म्हणाली. “मास्तर, या ना आत. चेंडू खात नाही माणसाला.”

*

मास्तर मैदानात आला, पण बसला नाही. टेप गळ्यातून काढून बोटाला गुंडाळत राहिला.

“तुम्ही यांना सांगितलंत?” त्याने ताईला विचारलं.

“एक अक्षर नाही. एक्केचाळीस वर्षं नाही सांगितलं, आता सांगेन का? पण मास्तर, या पोरांनी चांगलं लिहिलंय. फार चांगलं. म्हणूनच मला ते खोटं चालत नाही. वाईट लिहिलं असतं तर डोळे मिटून सही केली असती.”

मास्तरने टेप सोडली, पुन्हा गुंडाळली.

“आम्ही चौघं खंदकात,” तो म्हणाला. “माझ्या मांडीत गोळी. मशीनगन समोरच्या पडक्या भिंतीच्या फटीतून चालू. त्या फटीतून त्यांना अख्खा खंदक दिसत होता. कुलूप जागेवर थांबला असता तर आम्ही चौघं गेलो असतो, आणि तोही. तो म्हणाला, ‘हे फार मोठं दिसतंय त्यांना.’ एवढंच म्हणाला. आणि बाहेर पडला. सरळ त्या भिंतीकडे. तो जसजसा पुढे गेला तसतशी ती नळी त्याच्याकडे वळली. शेवटी त्यांना दुसरं काही दिसेनाच. आम्ही एकमेकांना ओढत मागे आलो.”

मैदानाच्या पलीकडे कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“मग दगडावर ते कसं आलं?” दादाने विचारलं. मुद्रितशोधकच तो. सगळं ऐकून त्याला पहिला प्रश्न हाच पडला.

“इस्पितळात कारकून आला जबानी घ्यायला. मी वीस वर्षांचा, तापात. मी सांगितलं, ‘त्याने जागा सोडली, म्हणून आम्ही वाचलो.’ त्याने पेन थांबवलं. भला माणूस होता हो. म्हणाला, ‘पोरा, असं लिहिलं तर वरचे लोक अर्धंच वाचतील. याच्या आईला काय उत्तर देशील?’ आणि त्याने एक शब्द घातला. ‘नाही.’ मला वाचून दाखवलं. मी सही केली.” मास्तरने डोळे पुसले ते टेपच्या टोकानेच. “परत आल्यावर ताईला खरं सांगितलं. पण तोवर दगड उभा राहिला होता. आता सिनेमात सांगाल तर लोक काय म्हणतील? जागा सोडली म्हणजे पळाला! दगडावरचा माणूस पळाला म्हणतील. मी नाही बोलणार, ताई. तुम्ही सही करून टाका.”

“तुम्ही बोलल्याशिवाय मी करत नाही,” ताई म्हणाली आणि चपला घालायला वळली.

तर असं होऊन बसलं! शनिवार संध्याकाळ, सोमवारी बारापर्यंतची मुदत, आणि सगळा सिनेमा एका शब्दावर अडलेला. पण गंमत बघा, धाकटी रडवेली व्हायला हवी होती, ती उड्या मारत होती. “दादा, आपल्याकडे शेवट होता, आता सिनेमा आहे!” तिने फोकसला मिठी मारली, ताईला मारली, मास्तरलाही मारणार होती, पण त्याच्या दंडावर टाचण्या होत्या.

रविवारी सकाळी तिघं धाकटीच्या स्वयंपाकघरात बसली. दादाने पटकथेचा पहिला कागद समोर घेतला. वर ठळक अक्षरांत नाव होतं: जागा सोडली नाही. दादाने लाल पेन उघडलं. शेवटच्या शब्दावरून एक रेघ ओढली आणि समासात छापखान्याची ती शेपटीवाली खूण केली, ‘हे काढा’ म्हणून. एका शब्दाची चूक त्याने आयुष्यात हजारदा काढली होती. अशी कधी काढली नव्हती.

“बस?” फोकस म्हणाला.

“बस. आता आतलं सगळं बदलायचं.”

दुपारपर्यंत त्यांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. धाकटी खुर्चीवर उभी राहून मशीनगन व्हायची, फोकस जमिनीवर पालथा पडून खंदक व्हायचा. शेजारणीने विचारलं काय चाललंय, तर दादाने तिलाच चौथा जखमी करून झोपवलं. मैदानावरचा तो प्रसंग, बहीण आणि भाऊ, दुपारचं ऊन, ‘माझ्यावर ये!’, तो आता सिनेमाच्या पोटात बसला. ज्याने तो बघितला त्याला पुढे भिंतीचा प्रसंग समजावून सांगायची गरजच उरणार नव्हती.

*

सोमवारी साडेदहाला किल्ल्यांच्या दुकानात चार माणसं म्हणजे गर्दीच. मास्तर दाराबाहेरच थांबला होता, ‘एक गिऱ्हाईक येणार आहे, जायला हवं’ असं दर दोन मिनिटांनी सांगत आणि न जाता.

दादाने वाचायला घेतलं. आधी दुपारचं मैदान. चेंडू घेऊन येणारी मुलगी, पुढे येणारा भाऊ. ताईने यंत्र सुरूच केलं नव्हतं, हात पदरात घेऊन बसली होती. दादाचा आवाज चढत गेला, सूर लागला, आणि रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली, मग आणखी तीन. मग धूर आला, खंदक आला. ‘हे फार मोठं दिसतंय त्यांना,’ असं कुलूप म्हणाला. दादाने नेहमीसारखा आवाज खाली आणला, श्वास घेतला.

“आणि त्याने...”

“थांब,” दाराबाहेरून मास्तर म्हणाला.

सगळे वळले. मास्तर आत आला, वाटेतल्या माणसांना बाजूला सारत. त्याने दादाच्या हातातला कागद घेतला नाही, बघितलाही नाही.

“आणि त्याने जागा सोडली,” तो म्हणाला. मग रस्त्याकडे तोंड करून, पाच-सात अनोळखी माणसांना, मोठ्याने: “त्याने जागा सोडली! म्हणून मी आहे. कळलं का? म्हणून मी तुमच्या विजारी शिवतोय!”

बाहेर कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थाने टोपी काढली. मागची एक बाई म्हणाली, “मग दगडावर तसं लिहा ना.” दुसऱ्याने तिला दुजोरा दिला आणि तिथेच त्यांची चर्चा सुरू झाली, की दगड बदलायचा की नुसता एक शब्द घासून काढायचा.

“इकडे दे तो कागद,” ताई म्हणाली. धाकटीने कागद दिला, पेन दिलं. ताईने पितळेने माखलेल्या बोटांनी सही केली. कागदावर तिच्या अंगठ्याचा सोनेरी ठसा उठला. ती तो पुसायला लागली, तर धाकटी ओरडली, “राहू दे! राहू दे तसंच!”

फोकसने कागदाचा फोटो काढला. हात इतका थरथरत होता की पहिले दोन अंधुक आले. “हलू नकोस,” दादा म्हणाला. तिसरा नीट आला. अकरा वाजून अडतीस मिनिटांनी फोटो गेला आणि पाच मिनिटांत पलीकडून उत्तर आलं, मिळाला, वाट बघतो. धाकटीने ते वाचून दाखवलं आणि त्या अरुंद दुकानात जो गलका झाला त्याने भिंतभर किल्ल्या वाजायला लागल्या. मास्तर एका कोपऱ्यात धाकटीला विचारत होता, “पण मग सिनेमात मी कोण होणार? जरा उंच बघा हं कुणी.”

“चला, आता बसा सगळे,” ताई म्हणाली. “पान बारा काढ रे. मॅचच्या दिवशी सकाळी हा डोळे मिटून प्रार्थना करतोय असं लिहिलंयस.”

“हो ताई.”

“साफ खोटं. तो झोपला होता. मी तांब्याभर पाणी ओतलं तेव्हा उठला. प्रार्थना मी करत होते, दोघांच्याही वाटची.”

धाकटीने पेन्सिल काढली.

“सांगा,” ती म्हणाली. “कुठून सुरू करू?”

“पाण्यापासून,” ताई म्हणाली.